डिलीट झालेला ग्रुप, बदललेला ग्रुप

ॲक्टिव्ह डिरेक्टरीतला सिक्युरिटी ग्रुप म्हणजे माणसांची नुसती यादी नव्हे. ग्रुप तयार होताना डोमेन त्याला एसआयडी देते, म्हणजे एस-१-५-२१ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक. फोल्डरवरची परवानगी ग्रुपच्या नावाला नसते, या क्रमांकाला असते. प्रस्तुत लेखक एका कारखान्याचे सर्व्हर सांभाळत असताना तिथल्या साफसफाईत अकाउंट्स विभागाचा ग्रुप डिलीट झाला. फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये नावाच्या जागी 'अकाउंट अननोन' आणि पुढे तो उघडा क्रमांक उरला. त्याच नावाचा नवा ग्रुप करून माणसे भरावीत, असे अशा वेळी हमखास कोणीतरी सुचवते. पण नव्या ग्रुपचा एसआयडी नवा असतो, आणि जुन्या परवानग्या त्याला ओळखत नाहीत. परत आणायचा तो मूळ ग्रुपच.

डिलीट केलेला ग्रुप लगेच नाहीसा होत नाही. तो टूम्बस्टोन होऊन 'डिलीटेड ऑब्जेक्ट्स'मध्ये पडून राहतो. विंडोज सर्व्हर २००३च्या सर्व्हिस पॅक १पासून उभारलेल्या फॉरेस्टमध्ये ही मुदत १८० दिवसांची असते, त्याआधी ६० होती. टूम्बस्टोन पुन्हा जिवंत केला तर एसआयडी मिळतो, सभासद मात्र मिळत नाहीत. ही उणीव २००८ आर२ मधल्या रिसायकल बिनने भरून काढली. ती आपोआप चालू नसते, आणि एकदा चालू केली की बंद करता येत नाही. ती आधीच चालू असेल तर ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सेंटरमध्ये ग्रुपवर राइट क्लिक करून 'रिस्टोअर' म्हटले की ग्रुप सभासदांसकट जागेवर येतो. ज्या ऑर्गनायझेशनल युनिटमध्ये (ओयू) तो होता तीही उडाली असेल तर आधी ओयू आणावी लागते. घटनेनंतर बिन चालू करून काहीच हाती लागत नाही.

त्या कारखान्यात बिन चालू नव्हती, म्हणून बॅकअपकडे वळावे लागले. एक डोमेन कंट्रोलर डिरेक्टरी सर्व्हिसेस रिस्टोअर मोडमध्ये (डीएसआरएम) सुरू करून त्यावर सिस्टिम स्टेटचा बॅकअप उतरवला. एवढ्यावर थांबून सर्व्हर नेहमीसारखा चालू केला असता, तर बाकीच्या कंट्रोलरांनी रेप्लिकेशनमधून डिलीटची खबर पुन्हा पोचवली असती आणि ग्रुप दुसऱ्यांदा गेला असता. म्हणून रीस्टार्टच्या आधी एनटीडीएसयूटिल या साधनात तेवढ्या एका ग्रुपचे ऑथॉरिटेटिव्ह रिस्टोअर केले. त्याने ग्रुपचे व्हर्जन क्रमांक मोठ्या फरकाने वाढतात आणि इतर कंट्रोलर हीच प्रत खरी मानतात. तो ग्रुप ज्या इतर ग्रुपांचा सभासद होता, ते दुवे जोडण्यासाठी हेच साधन एलडीआयएफ फाइल बनवून देते. घाईत ती फाइल तशीच पडून राहते आणि मग अर्धेच फोल्डर उघडतात. टूम्बस्टोनच्या मुदतीपेक्षा जुना बॅकअप इथे चालत नाही. डीएसआरएमचा पासवर्डही वेगळा असतो. सर्व्हर उभा करताना टाकलेला तो पासवर्ड कोणाला आठवत नाही, आणि रात्री अकराला त्याचा शोध सुरू होतो.

ग्रुप बदलला असेल तर काम जास्त किचकट, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. एखाद्या स्क्रिप्टने ग्रुप रिकामा केला तर डिलीट काहीच झालेले नसते, त्यामुळे रिसायकल बिनचा उपयोग शून्य. शिवाय अख्खा ग्रुप मागे नेला तर मधल्या काळात रीतसर काढलेली माणसेही परत येण्याचा धोका असतो. त्यापेक्षा बॅकअपमधला डेटाबेस डीएसएमेन या साधनाने वेगळ्या पोर्टवर उघडावा, जुनी यादी आजच्या यादीशेजारी ठेवावी आणि जे चुकून गेले तेवढेच भरावे. ऑडिटिंग चालू असेल तर सिक्युरिटी लॉग मोठी मदत करतो: ग्लोबल ग्रुपमधून सभासद काढल्याची नोंद ४७२९ क्रमांकाने पडते आणि त्यात काढणाऱ्याचे खातेही दिसते. फक्त लॉगचा आकार लहान ठेवलेला असला की जुन्या नोंदींवर नव्या चढलेल्या असतात.

ग्रुप जागेवर आला तरी फोल्डर लगेच उघडत नाही. सभासदत्व लॉगऑनच्या वेळी वापरकर्त्याच्या टोकनमध्ये जाते, म्हणून लॉगऑफ करून पुन्हा आत यावे लागते. स्क्रीन लॉक करून उघडणे पुरत नाही, आणि आठवडाभर मशीन फक्त लॉक करून घरी जाणाऱ्यांचे फोन सगळे दुरुस्त झाल्यावरही येत राहतात.