गोधडी मशीनवरची चालेल

निगडी,
मार्गशीर्ष

तीर्थरूप मावशीस,


हाताने शिवलेली नसेल तर ती गोधडीच नव्हे, हे तुझं मत मला पटत नाही. का पटत नाही ते फोनवर धड सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले. थोरामोठ्यांच्या जाड वाकळेबद्दल माझं काही म्हणणं नाही. ती हातानेच शिवावी. घरातल्या साध्या शिलाई मशीनला ती झेपतही नाही, कारण सुईच्या उजव्या हाताला जेमतेम वीतभर जागा असते आणि वाकळेची गुंडाळी त्यात मावत नाही. पण तान्ह्या बाळाच्या गोधडीचा हिशोब वेगळा आहे. साडेपाच मीटरची सुती साडी, पन्हा साधारण पंचेचाळीस इंच. तिचे पाच सारखे तुकडे केले की 1.1 मीटरचे, जवळजवळ चौरस पाच थर होतात. बाळाला एवढी गोधडी पुरते, गुंडाळून मशीनच्या पोटात बसते आणि जुन्या, विरत आलेल्या सुताचे पाच थर साधं घरगुती मशीन सहज ओढतं. एक साडी, एक गोधडी आणि एक मशीन यांचं माप इतकं जुळत असताना नाही म्हणायला मला कारण दिसत नाही.

खरा प्रश्न वेळेचा आहे. चार-चार बोटांवर नाही, दोन-दोन बोटांवर ओळी घातल्या तर या मापाच्या गोधडीत सत्तावीस-अठ्ठावीस ओळी येतात, म्हणजे जवळजवळ तीस मीटर शिलाई. हाताचा टाका सहा मिलिमीटरचा धरला तरी पाच हजार टाके होतात. गावाकडे सुगी संपली की पडवीत गोधडी पसरून चौघीजणी चार कडांना बसतात, म्हणून ते काम अंगावर येत नाही. इथे ती पडवीही नाही आणि चौघीही नाहीत. पिंपरी-चिंचवडमध्ये कारखाने आले, पुढे चाकणची एमआयडीसी वाढली, आणि मराठवाडा, खानदेश, विदर्भातून पोरं-पोरी इकडे आल्या. तीन पाळ्यांची नोकरी, भाड्याची एक खोली. गोधडी अंथरली तर चालायला वाट उरत नाही. अशा घरात हातशिलाईचा हट्ट धरला तर हाताची गोधडी होत नाही, गोधडीच होत नाही. मग बाजारातून छापील पॉलिस्टरचं ब्लँकेट येतं. मशीनवर तीस मीटर शिलाईला पायडल चालवायचा वेळ अर्धा तासही नाही. थर जुळवणं, टाचणं, कडा दुमडणं धरलं तरी एका साप्ताहिक सुट्टीत काम हातावेगळं होतं.

मशीनची शिलाई ताठ होते आणि बाळाला टोचते, असं तू म्हणतेस. ताठ होते हे खरं, पण टाके बारीक आणि ओळी दाट घातल्या तरच. मशीनचा टाका साडेतीन मिलिमीटरवर ठेवावा आणि ओळींत दीड इंच अंतर राखावं. जुनं सूत आधीच मऊ असतं, ते मऊच राहतं. अंगाला टोचते ती जर. तेव्हा जरीचा काठ आधीच उसवून बाजूला काढावा. उलट धोका मला हाताच्या टाक्यातच जास्त दिसतो. धावदोऱ्याचा लांब टाका दहा-वीस धुण्यांनंतर सैल पडतो, त्याचा फास होतो आणि त्यात बाळाचं बोट अडकू शकतं. बोटाला दोरा आवळला गेला तर रक्त थांबतं. डॉक्टरांना हा प्रकार चांगला माहीत असतो. मशीनच्या टाक्यात वरचा दोरा आणि बॉबीनचा दोरा प्रत्येक टाक्याला एकमेकांत अडकतात, त्यामुळे एका जागी दोरा तुटला तरी सगळी ओळ उसवत नाही. बाळाची गोधडी दिवसाआड धुवावी लागते, म्हणून या फरकाला मी फार महत्त्व देते.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे: साध्या मशीनवर थर सरकतात. मशीनचे दाते फक्त खालच्या कापडाला पुढे ढकलतात आणि वरचं कापड फुटाखाली मागे रेंगाळतं, म्हणून ओळ संपता संपता चुणी पडते. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या कारखान्यांतही हीच अडचण असते. तिथल्या जाड कामाच्या मशीनमध्ये सुई, वरचा फूट आणि खालचे दाते तिन्ही एकदम चालतात. आपल्या मशीनला ती सोय नाही, पण उपाय आहे. सगळ्या थरांना वीत-वीतभर अंतरावर हाताने कच्चे टाके घालावेत, फुटाचा दाब थोडा कमी करावा, सोळा नंबरची सुई लावावी आणि पहिली ओळ मधोमध घालून तिथून कडांकडे जावं. टाचणीऐवजी कच्चे टाके हे मी मुद्दाम सांगते आहे. पाच थरांत राहून गेलेली एक टाचणी बाळाला लागायला पुरते. सुई मोडली तर तिचं टोक सापडेपर्यंत पुढे शिवू नये. नाही सापडलं तर तो भाग उसवून पाहावा. कपड्यांच्या कारखान्यांत मोडक्या सुईचे तुकडे जुळवून नोंद ठेवतात. तेवढी काळजी घरातही घ्यावी.

तरी बाजारचं ब्लँकेट स्वस्त आणि तयार मिळतं, असं कुणीही म्हणेल. पॉलिस्टर ओल शोषत नाही, बाळाची पाठ घामाने भिजते. इथे थंडीत रात्री पारा दहा अंशांपर्यंत उतरतो आणि मेमध्ये दुपारी चाळिशी गाठतो. पाच थरांचं सूत दोन्ही ऋतूंत चालतं आणि पातळ असल्यामुळे उन्हात लवकर वाळतं. गोधडी मशीनची असो वा हाताची, एक गोष्ट मात्र दोन्हींना लागू आहे: वर्षाच्या आतल्या झोपलेल्या बाळाच्या अंगावर सैल पांघरूण घालू नये, असं डॉक्टर सांगतात. म्हणून गोधडी मालिशीला, खेळायला, मांडीवर घ्यायला वापरावी; झोपताना खाली घातली तर घट्ट ताणलेली आणि चुणी नसलेली असावी.

मशीन परकं आहे, हेही मला मान्य नाही. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधरांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं. बायकांना शिवणकाम शिकवून त्यांच्या हाताला काम देणं हा तिथल्या शिक्षणाचाच भाग होता. शंभर वर्षांहून अधिक काळ मराठी बायका शिवणकामावर पोरं वाढवत आल्या आहेत. हाताच्या टाक्याची लय, त्या आडव्या-उभ्या ओळींतली नजर, तुझ्या वाकळेची ऊब मशीनला येत नाही, हे मी मोकळेपणाने कबूल करते. पण बाळाच्या गोधडीत मला आधी जुनं स्वच्छ सूत हवं, मग घट्ट शिलाई. हात कुणाचा, हे त्यानंतर.

तेव्हा एवढं कर. तुझं एखादं विरलेलं सुती नऊवारी लुगडं गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून पाठव. सव्वाआठ मीटरच्या लुगड्यात सात तुकडे निघतात, म्हणजे तीन थरांची एक उन्हाळी आणि चार थरांची एक हिवाळी गोधडी होईल. पदर अखंड असू दे, तो मी वरच्या थराला घेईन.

तुझी भाची