रेंटनच्या टेकडीवरचं 'लिटल विंग'

सिअ‍ॅटलला मुलांकडे किंवा भावंडांकडे जाणाऱ्या आपल्या माणसांची बघण्याची यादी ठरलेली असते. स्पेस नीडल, पाइक प्लेस मार्केट, बोइंगचा कारखाना, आणि आकाश मोकळं मिळालं तर माउंट रेनिअर. माझी ताई रेडमंडला राहते, त्यामुळे इंदूरहून दोनदा जाऊन मी हे सगळं पाहिलेलं आहे. तिसऱ्या खेपेला मात्र माझ्या सतरा वर्षांच्या भाच्याने या यादीत एक नवं ठिकाण घातलं. रेंटन गावातली ग्रीनवुड मेमोरियल पार्क ही दफनभूमी. तिथे जिमी हेंड्रिक्स आहे.

आमच्या घरात गाणं म्हणजे कुमारजी, अमीर खाँसाहेब आणि गणपतीतली भजनं. त्यामुळे हेंड्रिक्सबद्दल मला माहीत होतं ते इतकंच, की स्टेजवर गिटार जाळणारा तोच तो. आपल्या वाचकांतल्या मोठ्या मंडळींचीही साधारण तीच ओळख असेल, म्हणून थोडं आधी सांगते.

जिमी हेंड्रिक्सचा जन्म २७ नोव्हेंबर १९४२ चा, सिअ‍ॅटलचाच. मृत्यू १८ सप्टेंबर १९७० ला लंडनमध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. त्याला खरी प्रसिद्धी मिळाली ती शेवटची जेमतेम चार वर्षं. तो डावखुरा होता आणि उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवायचा. १९६७ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात माँटेरी इथे मोठा संगीत महोत्सव झाला. १८ जूनला दुपारी तिथे पंडित रविशंकर आणि उस्ताद अल्लारखाँ वाजवून गेले, आणि त्याच रात्री हेंड्रिक्सने आपली गिटार पेटवली. रविशंकरांना तो प्रकार अजिबात सहन झाला नाही, हे त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवलं. वाद्याला पाय लागला तर नमस्कार करणारे आपण, आपल्यालाही ते पटणं अवघडच.

पण गंमत पुढे आहे. 'लिटल विंग' या त्याच्या सगळ्यात हळुवार गाण्याची कल्पना आपल्याला त्याच माँटेरीत सुचली, असं हेंड्रिक्सने स्वतः सांगितलं होतं. तिथलं वातावरण, ती माणसं, तो मोकळेपणा हे सगळं त्याने एका मुलीच्या रूपात पाहिलं. जगाने त्या महोत्सवातून आगीचा फोटो घेतला आणि तो स्वतः हे गाणं घेऊन आला.

गाडीत भाच्याने ते मला तीन वेळा ऐकवलं. वेळ लागला नाही, कारण गाणं अडीच मिनिटांचंही नाही. ऑक्टोबर १९६७ मध्ये लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत ते ध्वनिमुद्रित झालं आणि डिसेंबरमध्ये 'अ‍ॅक्सिस: बोल्ड अ‍ॅज लव्ह' या अल्बममध्ये आलं. सुरुवातीला फक्त गिटार. नुसते कॉर्ड नाहीत आणि नुसती धूनही नाही. मोठ्या पंजाच्या हेंड्रिक्सचा अंगठा गिटारच्या मानेवरून वळून खर्जाची तार दाबतो आणि बाकीची बोटं वरच्या तारांवर छोट्या छोट्या हरकती घेत राहतात. एकच माणूस साथ आणि गाणं दोन्ही करतोय, असं वाटतं. सगळ्या तारा नेहमीपेक्षा अर्ध्या सुराने उतरवलेल्या आहेत. आवाज पाण्याखालून आल्यासारखा हलतो, कारण तो फिरत्या स्पीकरमधून काढलेला आहे. मधूनच ग्लॉकेनस्पील वाजतं. लोखंडी पट्ट्यांचं ते वाद्य ऐकताना मला देवघरातल्या घंटीची आठवण झाली. शब्द थोडेच आहेत. ढगांमधून चालत येणारी आणि खचलेल्या माणसाजवळ थांबणारी एक बाई. मग गिटारचा सोलो सुरू होतो, तो आता कुठे रंगणार असं वाटतं आणि आवाज हळूहळू विरत जातो. गाणं संपतं.

"हे असं मध्येच का सोडलं?" मी विचारलं. "सगळे हेच विचारतात," भाचा म्हणाला.

या गाण्याचं नशीबही थोडक्यात वाचलेलं आहे. अल्बमची पहिली बाजू तयार झाल्यावर तिची मूळ टेप हेंड्रिक्स लंडनच्या टॅक्सीत विसरला. ती सापडली नाही. मग एका रात्रीत ती बाजू पुन्हा मिक्स करावी लागली. 'लिटल विंग' त्याच बाजूला आहे.

रेंटन हे सिअ‍ॅटलच्या आग्नेयेला, लेक वॉशिंग्टनच्या दक्षिण टोकाला आहे. तळ्याकाठी बोइंगचा ७३७ विमानांचा कारखाना आणि वर टेकडीवर साधी, बैठी घरं. दफनभूमी याच वस्तीत आहे. तिथे ना तिकीट, ना रांग. हेंड्रिक्सला १९७० मध्ये इथेच पुरलं, पण तेव्हाची जागा साधी होती. येणाऱ्यांची गर्दी वाढत गेली, आजूबाजूच्या थडग्यांवरचं गवत तुडवलं जायला लागलं. मग वडिलांच्या इच्छेप्रमाणे याच आवारात नवं स्मारक झालं आणि २००२ मध्ये त्याला तिथे हलवलं. तीन खांबांवर उभा असलेला ग्रॅनाइटचा घुमट, साधारण तीस फूट उंच, सगळ्या बाजूंनी मोकळा. मला तर आपल्याकडच्या छत्रीची आठवण झाली. इंदूरच्या कृष्णपुऱ्यात नदीकाठी होळकरांच्या छत्र्या आहेत ना, तशी कल्पना. मधोमध जुनाच दगड बसवला आहे आणि त्यावर गिटार कोरलेली आहे. भाच्याने लगेच दाखवलं, ती गिटार उजव्या हाताची आहे. आयुष्यभर उलटी गिटार धरणाऱ्याच्या दगडावर सुलटी गिटार!

आतल्या दगडांवर हेंड्रिक्सची चित्रं कोरली आहेत आणि त्यांच्यावर लिपस्टिकचे ठसे आहेत. पुसले तरी पुन्हा उमटतात म्हणे. दगडाजवळ फुलं होती, नाणी होती, आणि गिटार वाजवायचे कितीतरी पिक होते. आपण देवापुढे सुपारी ठेवावी तसे एकेकाने ठेवलेले.

आम्ही होतो त्या तासाभरात तिथे दहा-बारा माणसं आली. मोटरसायकलवरून आलेलं एक साठीचं जोडपं, तीन कॉलेजची मुलं, कडेवर बाळ घेतलेली एक बाई. हेंड्रिक्सची दणदणीत गाणी सगळ्यांना पाठ असणार, पण त्या मुलांनी फोनवर लावलं ते 'लिटल विंग'. तेही अगदी बारीक आवाजात. मग गप्पा निघाल्या आणि वाद सुरू झाला, की हे गाणं पुढे कुणी चांगलं वाजवलं. आपल्याकडे यमन कुणाचा, यावरून जसा वाद होतो अगदी तसाच! मोटरसायकलवाल्या काकांचं मत एरिक क्लॅप्टन आणि डुएन ऑलमन यांच्या बाजूने. त्यांनी ते ९ सप्टेंबर १९७० ला ध्वनिमुद्रित केलं, मोठं, मोकळं, जवळजवळ ओरडून. नवव्या दिवशी हेंड्रिक्स गेला. त्याने ते कधी ऐकलंच नाही. कॉलेजच्या मुलांचं म्हणणं, स्टीव्ही रे वॉन. त्याने गायलंच नाही, सगळं गिटारवर म्हटलं, साडेसहा मिनिटांहून जास्त. ते १९९१ मध्ये बाहेर आलं तेव्हा तोही हेलिकॉप्टरच्या अपघातात जाऊन वर्ष झालं होतं. १९९३ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. बाळाच्या आईला स्टिंगने १९८७ मध्ये गायलेलं आवडत होतं, शांत म्हणून.

ऐकता ऐकता मला वाटलं, बंदिश चार ओळींचीच असते. ती पुढे न्यायची ज्याची त्याने. हेंड्रिक्सने सोलो अर्ध्यावर सोडला तो कदाचित नुसता रेकॉर्डच्या वेळेचा हिशेब असेल, पण त्यामुळे पन्नासहून जास्त वर्षं गिटारवाले तिथून पुढे जात आहेत.

एक गोष्ट मात्र त्या आवारात सहज दिसत नाही. हेंड्रिक्सची आई ल्युसिल इथेच पुरलेली आहे. आईवडील १९५१ मध्ये वेगळे झाले होते. १९५८ च्या फेब्रुवारीत ती वारली, तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती आणि जिमी पंधराचा. वडिलांनी जिमीला आणि त्याच्या धाकट्या भावाला अंत्यविधीला नेलं नाही. त्याच वर्षी त्याला पाच डॉलरची पहिली गिटार मिळाली. मुलगा जगप्रसिद्ध झाला, त्याच्या दगडापाशी फुलांचे ढीग पडू लागले, आणि आईची जागा याच आवारात कित्येक वर्षं कुणाला ओळखूही येत नव्हती. ढगांमधून येणारी ती बाई म्हणजे आईच, असं मानणारे चाहते पुष्कळ आहेत. हेंड्रिक्सने माँटेरी म्हटलं होतं, ते मी वर सांगितलंच. पण तिथे, त्या गवतावर उभं राहून हे गाणं ऐकलं की चाहते असं का म्हणतात ते कळतं.

परत निघालो. भाचा गाडी चालवत होता. ४०५ महामार्गाला लागल्यावर तो म्हणाला, "मावशी, मला पण नेलं नव्हतं."

माझी आई, म्हणजे त्याची आजी, तीन वर्षांपूर्वी गेली. चार वर्षांचा होईपर्यंत हा इंदूरला तिच्याच अंगाखांद्यावर वाढला होता. ती गेली तेव्हा ताई मिळेल त्या विमानाने एकटी आली. याची शाळा, परीक्षा, तिकिटांचे भाव, सगळा विचार करून घरात तसं ठरलं. परदेशात असलेल्या आपल्या किती घरांत असंच होतं. मुलांना नंतर फोनवर सांगितलं जातं आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेत जातात.

"कोण कोण होतं तेव्हा?" त्याने विचारलं. मग मी त्याला सांगितलं. पहाटेची वेळ होती. शेजारच्या काकू आधी आल्या, तुळशीचं पान त्यांनीच आणलं. आजीला हिरवी इरकली नेसवली. खांदा कुणी कुणी दिला, रामबागेतल्या मुक्तिधामात किती माणसं जमली, तेराव्याला आजीच्या आवडीची कुमारजींची निर्गुणी भजनं कशी लावली होती. तो मध्ये मध्ये विचारत होता, बारीकसारीक. साडी कुठली, ऊन होतं का, तिची खुर्ची आता कुठे असते. रेडमंडचं वळण आलं तरी आमचं संपलं नव्हतं. मग त्याने घरासमोर गाडी लावली आणि आम्ही तशाच बसून राहिलो.

रात्री ताई पोळ्या करत होती आणि आतल्या खोलीत 'लिटल विंग' वाजत होतं. रेकॉर्डवर ते जिथे विरतं तिथे तो थांबला नाही. पुढे दोन-तीन मिनिटं वाजवत राहिला, थोडं अडखळत. ताईने गॅस बारीक केला, पण काही बोलली नाही.

आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुलं आज गिटार शिकतात. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, कुठेही क्लासला गेलात तर हे गाणं शिकायला उत्सुक असलेलं एखादं मूल भेटेलच. ते नुसतं 'इंग्रजी काहीतरी वाजवतं' असं म्हणून दार लावून घेऊ नका. अडीच मिनिटं शेजारी बसा. काय ऐकू येतंय ते त्यालाच विचारा.

आणि सिअ‍ॅटलला गेलात तर यादीत एवढं घाला. कॅपिटल हिल भागात ब्रॉडवे आणि पाइन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर हेंड्रिक्सचा ब्राँझचा पुतळा आहे, गुडघ्यांवर बसून वाजवणारा, १९९७ मध्ये उभारलेला. स्पेस नीडलच्या पायथ्याशी पॉप कल्चर संग्रहालय आहे, ते हेंड्रिक्सच्याच वेडापायी पॉल अ‍ॅलनने सुरू केलं. त्याच्या लहानपणीचं एक घर काही वर्षं रेंटनला दफनभूमीसमोर आणून ठेवलं होतं, पण २००९ मध्ये ते पाडलं, त्यामुळे ते शोधत बसू नका. रेंटनला दिवसाउजेडी जा, इअरफोन न्या, आवाज बारीक ठेवा. आजूबाजूला इतरांचीही माणसं झोपलेली आहेत. आणि दगडापाशी ठेवायला खिशात एक पिक असू द्या. आमच्याकडे दोन होते. एक जिमीसाठी ठेवला, आणि दुसरा भाच्याने थोडं लांब, नुसत्या गवतावर ठेवला.