आक्का, तारीख पुढे ढकल

आक्का,

परवा फोनवर तू आधी पैशांचं विचारलंस आणि कशासाठी हवेत ते अगदी शेवटी, फोन ठेवता ठेवता सांगितलंस. "पिशवी काढायचीय. डॉक्टरनं तारीख दिलीय." का काढायची, असं मी विचारलं तेव्हा जरा वेळ गप्प राहिलीस. मग म्हणालीस, "अंग बाहेर येतंय गं. लई वर्सं झाली."

लई वर्सं! आक्का, मी बायकांच्या वॉर्डात नर्स आहे. कुठल्या कुठल्या गावच्या बायका माझा हात धरून कानात सांगतात, की ताई, खाली काहीतरी लागतंय, बसलं की टोचतंय. त्यांना मी पडद्यामागे नेते, त्यांच्यापाशी उभी राहते. आणि माझी सख्खी बहीण हेच दुखणं लुगड्याच्या घोळात झाकून रानात खुरपत होती? रागावले आहे मी तुझ्यावर. ते आधी सांगते आणि बाजूला ठेवते, कारण सांगायचं दुसरंच आहे.

पंचमीला फुगडी सोडलीस, तेव्हा गुडघ्यांचं नाव सांगितलंस. आळंदीला यायचं टाळलंस, तेव्हाही गुडघे. लग्नात पंगतीला बसायचं सोडून तू वाढायला उभी राहायचीस, आणि सगळे म्हणायचे, काय उरक आहे हिला! तुला खाली बसवत नव्हतं, होय ना? दिवस कलला की ओटीपोटात ओझं लोंबल्यासारखं वाटतं, कंबर ओढते, रात्री आडवं झालं की बरं वाटतं आणि सकाळी पुन्हा पहिल्यापासून. लघवीला बसलं तरी पुरती होत नाही, बोटानं आत सारावं लागतं. तू यातलं काही बोलली नाहीस, तरी मला माहीत आहे. तुझ्यासारख्या बायकांनी मला हे शिकवलं आहे.

तू एकटी नाहीस, हे म्हणणं फार सोपं आहे, पण तुझ्या बाबतीत ते खरं आहे. डॉक्टर राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या बायका तपासल्या आणि १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. शंभरातल्या ब्याण्णव बायकांना खालच्या अंगाचं काही ना काही दुखणं होतं, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. आमच्या शिकवणीत हा आकडा आला तेव्हा वर्गात कुणी बोललं नव्हतं. सगळ्यांना आपापल्या घरची बाई आठवली असणार. मला तू आठवली नाहीस, कारण मला तू धडधाकट वाटायचीस. आपल्या घरात दुखण्याला जागाच नव्हती. आई गेली तेव्हा तू सतरा वर्षांची आणि मी पोरसवदा. माझ्या वेण्या घालायला तू होतीस. माझ्या नर्सिंगच्या फीसाठी गळ्यातली पुतळ्यांची माळ मोडलीस आणि दाजींना सांगितलंस, हरवली. ते मला फार उशिरा कळलं.

आता तारखेचं. ती पुढे ढकल. रद्द कर असं म्हणत नाही. ऑपरेशन वाईट नसतं. कधी कधी तेच करावं लागतं आणि चांगल्या हातांनी केलं तर बाईला नवं आयुष्य मिळतं. पण तुला कुणी दुसरी वाट दाखवली का? कागदावर किती उतरलंय ते लिहिलंय का? नुसतं तपासलं आणि 'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल' असंच सांगितलं ना?

मिटतेच असं नाही, आक्का. गर्भाशय, मूत्राची पिशवी आणि गुदाशय यांना खालून तोलून धरणारे स्नायू असतात, ओटीच्या हाडांच्या मधे ताणलेले. बाळंतपणांनी, ओझ्यांनी, खोकल्यानं, कुंथण्यानं ते सैल पडतात, आणि पाळी गेल्यावर अंगातलं इस्ट्रोजेन कमी होतं तसे वरून धरणारे बंधही विसविशीत होतात. बाजेची सुंभं सैल झाली तर आपण सुंभं ताणून बांधतो, वर झोपलेल्याला घराबाहेर काढत नाही. पिशवी काढली आणि आधार सैलच राहिला, तर पुढे योनीचा वरचा भागच खाली उतरू शकतो. मग दुसरं ऑपरेशन. अशा बायका आमच्या वॉर्डात येतात, आणि म्हणतात, आता काय उतरतंय, काढली होती ना?

पिशवी काढण्याची आपल्याकडे फार घाई आहे. बीडच्या ऊसतोड बायकांचं २०१९ साली सगळ्या राज्याला कळलं. सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर बायका होत्या, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली. त्यांची कारणं निराळी होती, पांढरं जाणं, पाळीच्या दिवसांत मोडणारी मजुरी. पण डॉक्टरच्या तोंडची ती दोन वाक्यं तीच, आणि बाईनं मान हलवणंही तेच. तू तारखेआधी मला फोन केलास, मग पैशांसाठी का होईना, याचं मला बरं वाटलं.

मी म्हणते ती दुसरी वाट म्हणजे एक रिंग. सिलिकॉनची, मऊ, बांगडीएवढी. आत बसवली की उतरलेल्याला वर धरून ठेवते. माप प्रत्येकीचं वेगळं. डॉक्टर किंवा शिकलेली नर्स तपासून माप ठरवते, बसवून चालायला लावते, उकिडवं बसायला, खोकायला, लघवी करून यायला सांगते, आणि मगच घरी पाठवते. पहिलं माप कधी निसटतं, कधी टोचतं. तेव्हा 'मला नाही लाभत' म्हणून घरी जायचं नाही, दुसरं घालून बघायचं. नीट बसली की ती आहे हे कळतही नाही. हा उपाय काही नवा नाही. जुन्या ग्रीक वैद्यांनी तर अर्धं डाळिंब आत बसवल्याचं लिहून ठेवलं आहे, आणि आपल्याकडच्या बायका कापडाचा बोळा ठेवत आल्या आहेत. तूही ठेवतेस का गं? ठेवत असशील तर आजच थांब. ओलं कापड आत राहिलं की जखम होते, ती चिघळते.

रिंग काढून साबणपाण्यानं धुऊन पुन्हा बसवायला तुला मी शिकवेन. ज्यांना जमत नाही त्यांनी तीन-चार महिन्यांनी, फार तर सहा महिन्यांनी दवाखान्यात येऊन काढून घ्यायची, आतली कातडी दाखवायची. विसरायची मात्र नाही. वर्षानुवर्षं विसरलेली रिंग आत रुतते आणि मोठं दुखणं करते. डॉक्टर बहुतेक आत लावायचं इस्ट्रोजेनचं मलमही देतील, त्यानं कोरडी पातळ झालेली कातडी जरा सुधारते. पांढरं थोडं जास्त जाईल, त्याला घाबरू नकोस. आणि जे तू जन्मात विचारणार नाहीस तेही लिहिते: रिंग आहे म्हणून नवरा-बायकोला बंदी नसते, अडचण वाटली तर आधी काढून ठेवता येते.

रिंग आधार देते, पण स्नायू तुझे तुलाच कमवायचे आहेत. १९४८ साली केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं हा व्यायाम जगापुढे मांडला, आणि २०१४ साली ब्रिटन, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या चारशेहून जास्त बायकांवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की एकेकीला नीट शिकवून हा व्यायाम करून घेतला तर उतरल्याचा त्रास कमी होतो. 'नीट शिकवून' हे महत्त्वाचं. 'आवळ' म्हटलं की बऱ्याच जणी खाली जोर देतात, आणि त्यानं उलटंच होतं. लघवी आणि वारा एकदम अडवायचा झाला तर जी जागा आवळते ती आत आणि वर ओढायची. पोट, मांड्या, ढुंगण सैल, श्वास चालू. सुरुवातीला तीन-चार सेकंद धरायचं, मग तेवढंच सैल सोडायचं, असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिल्यांदा आडवं पडून, कारण उतरलेलं तेव्हा वर गेलेलं असतं. जमलं की बसून, मग उभ्यानं. खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं, उठताना आधी आवळायचं. चार महिने तरी रोज केल्याशिवाय फरक पडला की नाही हे ठरवायचंच नाही. पुरतं बाहेर आलेलं अंग या व्यायामानं आपोआप आत जाईल, असं मी तुला खोटं सांगणार नाही. पण ओझं हलकं होईल, लघवीचा ताबा येईल.

आणि आता जे मला खरंच म्हणायचं आहे ते. हे सगळं करून तू पुन्हा तोच हंडा डोक्यावर घेणार असशील तर काही उपयोग नाही. तुझ्या पहिल्या बाळंतपणात तुला सव्वा महिना मिळाला, तो माहेरचा. पुढच्या तीन वेळा बारसं झालं की दुसऱ्या दिवशी तू ज्वारी काढायला रानात. सुगी होती, माणसं नव्हती, हे मला ठाऊक आहे. पण तेव्हा जे सैल पडलं त्याचा हिशेब कुणी ठेवला? माण तालुक्यातल्या त्या कोरड्या रानात पंधरा-वीस लिटरचा हंडा आणि काखेत कळशी घेऊन तू चढण चढलीस, तेव्हा दाजी, दीर, पुढे तुझी पोरं, सगळे घरातच होते ना? पाणी आणणं बाईचं, हे कुणी ठरवलं? तुझ्या अंगाचा आजार असं याला म्हणतात, पण ही त्या घरानं तुझ्यावर टाकलेली वजनं आहेत. मी दाजींशी बोलणार आहे. ते वाईट नाहीत, त्यांना कुणी सांगितलेलं नाही, एवढंच. तू मागितलेले पैसे पाठवते आहे, ते मात्र टाकीपासून मोरीपर्यंत पाइप टाकायला. ऑपरेशन लागलंच तर त्याचं मी बघेन. वैरणीचा भारा आता थोरल्यानं उचलायचा.

चुलीचं तेच. गॅस आहे, पण सिलिंडर पुरवून वापरतेस, आणि धुरानं खोकत राहतेस. प्रत्येक खोकला खाली धक्का देतो. खोकला आधी तपासून घे. पोट साफ होत नाही म्हणून कुंथणंही बंद. पाणी कमी पितेस, कारण वारंवार जावं लागतं, आणि मग शौचाला खडा होतो. पाणी पी, ताक पी, पालेभाजी जास्त खा, कळ आली की जा, थांबवू नकोस.

एक मात्र घाबरवण्यासाठी लिहिते, खरंच घाबर. पाळी जाऊन इतकी वर्षं झाल्यावर अंगावर लाल गेलं, जरासा डाग जरी दिसला, तर रिंग-व्यायाम सगळं बाजूला, आधी तपासणी. बाहेर आलेल्या भागावर जखम झाली, वास येऊ लागला, लघवी अडकली, तर त्याच दिवशी दवाखाना. यात लाज धरलीस तर माझ्याशी बोलू नकोस.

आणि सगळं करूनही त्रास तसाच राहिला, तर ऑपरेशन करू. पण मग कुठलं, पिशवी ठेवून आधार बांधता येईल का, कोण करणार, हे सगळं विचारून, तुला समजलं की करू. मी टेबलाशेजारी उभी असेन.

बुधवारी आमच्याकडे बायकांची ओपीडी असते. तपासणारी डॉक्टर बाईच आहे, शांत आहे, घाई करत नाही. सोनोग्राफीचा कागद, जुन्या गोळ्यांची पाकिटं, जे असेल ते पिशवीत टाक. सूनबाईला बरोबर घेऊन ये, तिला दिवस गेलेत, तिलाही ऐकू दे की बाळंतपणानंतर काय उचलायचं नसतं. एसटीत बसण्याआधी पाणी पिणं बंद करू नकोस. दहिवडीला गाडी थांबते, उतरून जाऊन ये. आणि उपवास त्या दिवशी धरायचा नाही, भाकरी खाऊन नीघ.

तुझी,
धाकटी