दोह्यातील गलबतांचा मेळा : जावे कोणत्या दिवशी?

कतारमध्ये नोकरीला असलेल्या मुलाकडे किंवा जावयाकडे कोकणातले आई-वडील हिवाळ्यात आले, की त्यांना लाकडी गलबतांचा मेळा दाखवायचा बेत ठरतो. दोह्यात 'कतारा' नावाची सांस्कृतिक वसाहत आहे. तिच्या किनाऱ्यावर 2011 पासून हा मेळा भरतो, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास. ओमान, कुवेत, इराक, झांझिबार, आपला भारत अशा ठिकाणांचे कारागीर आपापली हत्यारे घेऊन तिथे बसतात. मेळा बरेच दिवस चालतो, म्हणून दिवस निवडायची मुभा असते.

बहुतेक घरे शुक्रवार निवडतात. कतारची साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार, तेव्हा त्यात नवल नाही. जुम्म्याची नमाज, जेवण, थोडी वामकुक्षी आणि मग सगळे एकदम किनाऱ्यावर! आम्ही शुक्रवारीही गेलो आणि पुढच्या मंगळवारीही. मुलांना विचाराल तर शुक्रवार सरस. रोषणाई, गाणी, खाण्याचे ठेले, सगळे भरात. पण आमच्याबरोबर वडील होते. सत्तरी ओलांडलेले, गुडघे दुखरे. तरुणपणी मंगळुरी कौले भरून मुंबईकडे जाणाऱ्या गलबतावर ते खलाशी होते. शिडाचे गलबत त्यांनी कित्येक वर्षांत जवळून पाहिले नव्हते. शुक्रवारच्या गर्दीत त्यांना माणसांच्या पाठी दिसल्या आणि डोलकाठ्यांची टोके.

आणखी एक हिशेब घड्याळाचा. त्या दिवसांत दोह्यात सूर्य पावणेपाचच्या आसपासच मावळतो. कामावरून सुटून संध्याकाळी निघालात, तर पोहोचेपर्यंत अंधार. दिव्यांच्या उजेडात गलबते सुंदर दिसतात, पण लाकडाचे काम कळत नाही. म्हणून आमचे मत असे : सोमवार ते बुधवारपैकी एक दिवस, जोहरची नमाज पढून लगेच निघावे. मेट्रोच्या लाल मार्गावर कतारा हेच स्थानक आहे. असर आणि मगरिब कताराच्या मशिदीत होते, धावपळ नाही. उद्घाटनाचा दिवस पाहुण्यांचा आणि शेवटचा आवराआवरीचा, ते दोन्ही सोडावेत. वेळा दरवर्षी बदलतात, तेव्हा मेळा दुपारी किती वाजता उघडतो ते आधी पाहून घ्यावे.

मंगळवारी वडील एकेका गलबतापाशी थांबले. दोन्ही टोके निमुळती ते 'बूम', मागची बाजू चौकोनी कापल्यासारखी ते 'सांबूक', हा फरक आम्ही तिथे शिकलो. आपल्याला वाटते आधी सांगाडा, मग फळ्या. जुन्या पद्धतीत उलटे असते : फळ्यांना फळ्या जोडून पोट आधी घडवायचे, वाशे नंतर आतून बसवायचे. काही ठिकाणी खिळाच नाही, काथ्याच्या दोरीने शिवण. लाकूड बहुतेक मलबारचा साग, कारण अरबस्तानच्या किनाऱ्यावर असे झाड उगवत नाही. ज्या मोत्यांसाठी इथल्या लोकांनी ही गलबते हाकली, तो धंदा 1930 च्या सुमारास जपानी संवर्धित मोत्यांनी बसवला. तेलाची श्रीमंती त्यानंतरची.

एका ओमानी म्हाताऱ्याने आपल्या तांडेलाचा उल्लेख 'नोखदा' असा केला. वडिलांनी मान वर केली. "आमच्याकडे नाखवा," ते म्हणाले. दोघांचे मूळ फारसी 'नाखुदा', जहाजाचा धनी. पुढची दहा मिनिटे त्या दोघांना आमची गरज पडली नाही.

शेजारी केरळचा एक सुतार फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकत होता. समोर आमच्याशिवाय कोणी गिऱ्हाईक नव्हते, म्हणून त्याला बोलायला सवड होती. वडील बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग तोडक्या हिंदीत म्हणाले, "कापूस जास्ती हो रहा है." सुतार हसला, बाजूला सरकला आणि त्याने ठोकणी त्यांच्या हातात दिली. नातू चपला काढून वाळूत बसला. असरची अजान होईपर्यंत वडिलांनी हातभर फट भरली होती.