नेरूळचे पाहुणे आणि स्वयंचलित कॅमेरा

मुंबईहून पनवेलकडे जाणाऱ्या हार्बर मार्गावर नेरूळ नांवाचें स्थानक लागतें. एके काळीं या बाजूस भातखाचरें, मिठागरें आणि आगरी-कोळी लोकांचीं गांवें होतीं. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, खाडीच्या या कांठीं नवी मुंबई उभी राहूं लागली आणि नेरूळ तिचें एक मोठें उपनगर बनलें. नांवाजलेला किल्ला किंवा लेणें येथें नाहीं. तथापि मुलाबाळांसह एक दिवस घालविण्यास हें स्थळ उत्तम आहे, आणि घरांत कॅमेरा असल्यास त्याची नीट ओळख करून घेण्यासही.

मोबाइलनें छायाचित्रें काढण्याचा प्रघात पडल्यापासून पुष्कळ घरांतील डिजिटल एस. एल. आर. कॅमेरा कपाटांत पडून आहे. तो बाहेर काढला कीं वडील मंडळींस त्याच्या माथ्यावरील चकतीची धास्ती वाटते. तिच्यावरील बहुतेक चिन्हें दुर्बोध. परंतु एक खूण हिरवी असते. कांहीं कॅमेऱ्यांवर तो हिरवा चौकोन असतो, तर कांहींवर हिरव्या अक्षरांत 'ऑटो' हा शब्द. चकती तेथें आणली म्हणजे भिंगाचें छिद्र किती उघडावें, झडप किती वेळ उघडी ठेवावी, संवेदकाची प्रकाशग्राहकता किती असावी, फ्लॅश उडवावा कीं नाहीं, हे सारे निर्णय कॅमेरा स्वतः घेतो. सोय नवी वाटली तरी तिच्यामागची इच्छा जुनी आहे. १८८८ सालीं अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन यांचा कोडॅक कॅमेरा निघाला. त्यांत शंभर छायाचित्रांपुरती गुंडाळी भरलेली असे, आणि ती संपली कीं अख्खा कॅमेराच कारखान्यांत पाठवावयाचा. गिऱ्हाइकानें फक्त कळ दाबावी, उरलेली विद्या कारखान्याची! ती विद्या आतां कॅमेऱ्याच्या पोटांत येऊन बसली आहे, इतकेंच.

या हिरव्या खुणेस पुष्कळ हौशी छायाचित्रकार नाकें मुरडतात. तें अन्यायाचें आहे. नेरूळच्या सेक्टर १९-ए मध्यें महानगरपालिकेचें वंडर्स पार्क नांवाचें उद्यान आहे. ताजमहालासह जगांतील सात आश्चर्यांच्या प्रतिकृती तेथें उभारल्या आहेत. दिवसाउजेडीं आजीआजोबा, काकाकाकू, सुना, नातवंडें अशी सारी मंडळी ताजमहालापुढें उभी करावी आणि चकती हिरव्या खुणेवर ठेवून कॅमेरा दहाबारा वर्षांच्या नातीच्या हातीं द्यावा. चित्र चांगलेंच येईल. उजेड भरपूर, मंडळी स्थिर, अंतर थोडें. यंत्राचे सर्व अंदाज अशा वेळीं बरोबर ठरतात. शिवाय छायाचित्र काढणारा सदा चित्राबाहेर राहतो, ही मोठ्या कुटुंबांतील जुनीच तक्रार. आळीपाळीनें सर्वांस कळ दाबतां आली म्हणजे तीही मिटते.

सायंकाळीं मात्र डी. पी. एस. शाळेजवळील तळ्याकडे पावलें वळवावीं. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत ठाणे खाडीच्या परिसरांत रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, पक्ष्यांचे मोठमोठे थवे मुक्कामास असतात. खाडीचा एक भाग २०१५ सालीं त्यांच्यासाठीं अभयारण्य म्हणून घोषित झाला, आणि २०२२ सालीं त्यास रामसर यादींतही स्थान मिळालें. ओहोटीच्या वेळीं हे पक्षी खाडीच्या चिखलांत चोंच उलटी बुडवून सूक्ष्म शैवाल व बारीक जीव गाळून खातात. भरतीनें तो चिखल पाण्याखालीं गेला कीं विसाव्यासाठीं नेरूळच्या पाणथळींकडे उडून येतात. म्हणून घड्याळाबरोबर भरतीची वेळही पाहून घरून निघावें.

हिरवी खूण फसते ती या तळ्यावर. कॅमेरा प्रकाश मोजतो. पण आपण काय पाहावयास आलों हें त्यास ठाऊक नसतें. चौकट चकाकत्या पाण्यानें भरलेली असली तर तो प्रकाश आंवरूं पाहतो, आणि गुलाबी पक्षी काळसर उमटतात. वाटेंत तिवराची फांदी आली तर बहुधा ती जवळची फांदीच स्पष्ट येते, मागचा थवा धूसर. पक्षी उडाले तर झडपेचा वेग अपुरा पडून पंख पुसट होतात. आणि ऊन उतरलें कीं फ्लॅश आपोआप उघडतो. त्याचा प्रकाश दूरच्या पक्ष्यांपर्यंत पोंचत तर नाहींच. उलट विसाव्यास आलेल्या पाहुण्यांच्या डोळ्यांपुढें वीज चमकविल्यासारखें होतें.

उपाय अवघड नाहीं. अनेक कॅमेऱ्यांत हिरव्या खुणेजवळच काट मारलेल्या विजेचें चिन्ह असतें. त्यावर बाकी सर्व स्वयंचलितच राहतें, फक्त फ्लॅश बंद होतो. तळ्याकांठीं पोंचतांच चकती तेथें वळवावी. धांवत्या मनुष्याचें चिन्ह असल्यास उडत्या थव्यासाठीं तें वापरावें. त्या योगें झडप अधिक जलद मिटते. पुढची पायरी 'पी' या अक्षराची. छिद्र व वेग तेथेंही कॅमेराच ठरवितो. पण अधिक-उणें चिन्हाच्या कळीनें चित्र उजळ वा गडद करण्याचा अधिकार आपणांकडे येतो. पक्षी काळवंडले तर एक घर अधिकाकडे सरकावें, आणि स्पष्टतेचा बिंदु फांदीवरून काढून पक्ष्यावर आणावा. एवढ्या शिकवणीस एक सायंकाळ पुरते.

ही शिकवण केवळ हौसेची नव्हे. २०२४ च्या उन्हाळ्यांत भरतीचें पाणी आंत येण्याचा मार्ग अडल्यामुळें हेंच तळें सुकलें आणि कांहीं रोहित मृत्युमुखीं पडले. परिसरांतील निसर्गप्रेमी नागरिकांनीं तो प्रश्न लावून धरला. पुढें २०२५ सालीं राज्य सरकारनें तळ्यास संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता दिली. अशा प्रसंगीं तळें पूर्वीं कसें होतें, पाणी कोठवर होतें, पक्षी किती होते, हें सांगावयास साक्षीदार लागतो. डिजिटल कॅमेरा प्रत्येक चित्रासोबत तारीख व वेळ नोंदवून ठेवतो. त्यांतील घड्याळ तेवढें बरोबर लावलेलें असावें. त्या दृष्टीनें पाहतां निष्णात हातानें एकदांच काढलेल्या सुंदर चित्रापेक्षां, दरवर्षीं त्याच जागेवरून काढलेलें साधें घरगुती चित्र कधीं कधीं अधिक मोलाचें ठरतें.

तेव्हां नेरूळला जाणाऱ्या कुटुंबानें तळ्याच्या कांठीं एक ठिकाण ठरवून घ्यावें, पक्ष्यांपासून दूर उभें राहावें, फ्लॅश बंद ठेवावा, आणि दरवर्षीं तेथून निदान एक चित्र घ्यावें. कळ घरांतील लहान मुलानें दाबली तरी चालेल. तीं चित्रें एकत्र जपून ठेवावींत, म्हणजे पाहुणे पुन्हां आले कीं नाहीं, याचा हिशेब पुढील पिढीच्या हातीं राहील.