गाडीची रबरं आणि माझं खोबरेल

आमच्या दारात मामंजींची १९८८ सालची पद्मिनी आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा बंद झाल्या, तेव्हा आमचे हे म्हणाले, "आता आपणही काढून टाकू." मामंजी काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी चहा अर्धाच ठेवला. म्हणून गाडीची निगा मी माझ्याकडे घेतली. शाळा काय, दुपारपर्यंतच असते.

पुसापुशी म्हणजे आपलंच काम, असं मला वाटलं! दारांची रबरं कोरडी, भेगाळलेली दिसली. टाचांना भेगा पडल्या की आपण काय करतो? तेच केलं. वाटीभर खोबरेल घेतलं आणि चारही दारांना चोळलं. काय चकाकली म्हणून सांगू! वर सीटचं रेक्झीन पेट्रोलच्या बोळ्यानं पुसून काढलं.

हळूहळू रबर फुगलं, बोटाला चिकट लागू लागलं. एकदा दार उघडलं तर पट्टीच सुटून हातात आली. जूनच्या पहिल्या पावसात पाणी आत. मॅट उचलली, तर खाली पत्र्याला गंज धरलेला. मामंजी काठी टेकत आले, वाकून पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "तेल लावलंस का गं?" एवढंच विचारलं.

मग त्यांनीच सगळं समजावलं. दाराचं रबर तेल पितं, फुगतं आणि सैल पडतं. खोबरेल काय नि ग्रीस काय. भेगा पडतात त्या ऊन आणि हवेतला ओझोन यांच्यामुळे, तेल कमी पडून नव्हे. रेक्झीनवरचं प्लॅस्टिक तर मुळात कडकच. मऊ ठेवणारं द्रव्य त्यात मुद्दाम मिसळलेलं असतं. बंद गाडी उन्हात तापली की ते उडतं. काचेवर आतून धुरकट थर येतो ना, तो त्याचाच. पेट्रोलच्या बोळ्यानं मी ते स्वतःच्या हातानं काढून घेतलं होतं!

पत्र्याला ठिगळ लावलं, नवी रबरं बसवली. बिल पाहून ह्यांचा चेहरा कसा झाला ते विचारू नका. आता सौम्य साबणाच्या पाण्यात फडकं पिळून पुसते, पूर्ण वाळू देते, मग रबरांना सिलिकॉनचं पातळ बोट फिरवते. ते नसलं तर टाल्कम पावडर. गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवताना आपण टाकतो तशीच. सीटला मात्र सिलिकॉन नाही, घसरायला होतं. आणि गाडी सावलीत!

यंदा पहिला पाऊस थांबल्यावर मामंजी गाडीत जाऊन बसले. मॅटखाली हात घालून चाचपलं, हात धोतराला पुसून पाहिला. कोरडा.

"किल्ली आण," म्हणाले, "मंडईपर्यंत ने मला."