आगटीभोवतीचा चोर

हुरड्याची घाई करता येत नाही. कणसं खुडून आणायची, आगटीतल्या गोवऱ्यांच्या फुफाट्यात खुपसायची, दांड्याला धरून अंदाजानं फिरवायची आणि बाहेर काढली की हात पोळत असतानाच चोळायची. एका वेळी फार तर दहा-बारा कणसं. त्यातून निघालेला हुरडा चौघांच्या ओंजळीत जातो आणि बाकीचे आपल्या पाळीची वाट बघत बसतात. गार हुरड्यात राम नाही, त्यामुळे आधी सगळा भाजून ठेवावा आणि मग पंगत बसवावी, असं करता येत नाही. सोलापूरकडची हुरडा पार्टी सकाळी सुरू होऊन उन्हं कलली तरी चालते ती यामुळेच. दोन खेपांच्या मधला हा वेळ कुणी गप्पांत घालवतं, कुणी बोरं वेचण्यात. आमच्या घरात तो चोर-शिपायाच्या चिठ्ठ्यांचा.

माझं आजोळ मोहोळ तालुक्यातलं. काळी, खोल जमीन. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली शाळू ज्वारी जमिनीतल्या ओलीवर वाढते आणि डिसेंबर सरता सरता दाण्यात चीक भरतो. तो चीक घट्ट व्हायला लागला, पण दाणा अजून हिरवा आणि मऊ आहे, एवढीच हुरड्याची मुदत. आठ-दहा दिवस इकडे-तिकडे. रब्बी ज्वारी म्हटलं की ज्या वाणाचं नाव आधी निघतं, तो एम ३५-१, म्हणजे मालदांडी, मोहोळच्याच संशोधन केंद्रात निवडलेला. शेजारच्या मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण आजोबा हुरड्यासाठी बांधाच्या कडेला चार ओळी गूळभेंडीच्या आणि चार सुरतीच्या वेगळ्या पेरायचे. मालदांडी भाकरीसाठी, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते मला आजही पटतं. गूळभेंडीचा दाणा चोळताना बोंडातून अलगद सुटतो आणि तोंडात गोड लागतो. बरोबर शेंगदाण्याची चटणी हवी. ती सोलापूरची, उखळात कुटून तेल सुटलेली.

आम्ही राहायला सोलापुरात, बाळीवेसेत. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असायची, नंदीध्वज निघायचे, अक्षता सोहळ्याला गावोगावचे पाहुणे घरी उतरायचे. अक्षता पडल्या, शोभेचं दारूकाम बघून झालं की सगळं बिऱ्हाड मोहोळच्या एसटीत. मावश्या, माम्या, त्यांची पोरं आणि दरवर्षी कुणीतरी नवीन लग्न झालेलं जोडपं. नव्या सुनेला किंवा नव्या जावयाला सगळ्यांची नावंही धड ठाऊक नसायची, आणि अशा माणसाला एकदम खेळात ओढायची जबाबदारी आजीची.

मामाच्या वहीचं एक पान फाडून त्याचे तुकडे करायचे. राजा, प्रधान, शिपाई, चोर. माणसं जास्त असली तर राणी, सेनापती, कोतवाल, दासी. घड्या घालून मूठभर चिठ्ठ्या हवेत उडवायच्या आणि खाली पडतील तशा उचलायच्या. राजानं आपली चिठ्ठी उघड करून विचारायचं, माझा शिपाई कोण? शिपायानं हात वर करायचा आणि मग गोलातल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत चोर ओळखायचा. बरोबर ओळखला तर गुण शिपायाचे, चुकला तर ते चोराच्या खात्यात. एवढाच नियम. पण शिपाई बघायला लागला की सगळ्यांचे चेहरे बदलायचे. ज्याच्याकडे दासीची निरुपद्रवी चिठ्ठी आहे तोही कावराबावरा व्हायचा, आणि खरा चोर निवांतपणे बोराची बी थुंकायचा.

आजीचा चेहरा मात्र कुणाला वाचता आला नाही. आयुष्यात तिनं खोटं बोललेलं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. बाजारात चार आणे जास्त परत आले तर ती उन्हातान्हात माघारी जायची. पण चोराची चिठ्ठी हातात आली की ती पदर सावरून बसायची आणि शिपायालाच विचारायची, "खरं सांग बाळा, तुला कोण वाटतंय?" मग शिपाई तिला आपल्या शंका सांगत बसायचा आणि ती त्याला एकेकाच्या विरुद्ध पुरावे जोडून द्यायची. नव्या जावयाला तर ती हमखास फशी पाडायची. चोर तीच निघाली की तो पोट धरून हसायचा आणि दुपारपर्यंत घरचा होऊन जायचा. माणूस आपल्यात आणण्याची तिची ही रीत मी तेव्हा नुसती बघितली. तिचं मोल मला कळलं ते स्वतः पाहुणे बोलवायला लागल्यावर.

चिठ्ठ्यांचा कंटाळा आला की कोडी निघत. ती बहुतेक शेतातली असायची, समोर दिसणाऱ्याच वस्तूंवर घातलेली, त्यामुळे उत्तर डोळ्यांपुढे असून सापडायचं नाही. मामा मात्र पुराणातली अवघड कोडी घालायचा. त्याला भेदिकाचा, म्हणजे शाहिरांच्या गाण्यातल्या कोड्यांचा, नाद होता. सोलापूर ही राम जोश्यांची भूमी, हे त्याच्या अभिमानाचं मोठं कारण. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वेदशास्त्राच्या घरातला हा माणूस डफ-तुणतुण्याच्या नादानं शाहिरांत जाऊन बसला. भेदिकात कलगीवाल्यांनी शक्तीचं थोरपण सांगायचं, तुरेवाल्यांनी शिवाचं, एकानं कोडं टाकायचं, दुसऱ्यानं गाऊनच ते सोडवायचं आणि वर आपलं नवं कोडं घालायचं. लोक त्यासाठी रात्र रात्र बसत. १९४७ साली आलेल्या ‘लोकशाहीर राम जोशी’ चित्रपटातले सवाल-जवाब मामाला तोंडपाठ होते. एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला आमच्या गल्लीतले, हट्टानं हुरड्याला नेलेले तेलुगू बोलणारे पद्मशाली काका. मामानं कोडं घालायचं, काकांच्या मुलीनं ते त्यांना तेलुगूत सांगायचं आणि काकांनी उत्तर शोधायचं. सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी एकाच चौकात ऐकू येतात, तेव्हा यात नवल वाटायचं कुणालाच कारण नव्हतं.

पुढं शिक्षणासाठी पुण्याच्या वसतिगृहात राहिले. तिथं थंडीच्या रात्री मुली खोलीत गोल करून बसत आणि ‘माफिया’ खेळत. गावात काही खुनी लपलेत, रात्री सगळ्यांनी डोळे मिटायचे, खुन्यांनी एक बळी निवडायचा, सकाळी गावानं चर्चा करून संशयिताला बाहेर काढायचं. दिमित्री दाविदोव या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यानं १९८६ साली मॉस्को विद्यापीठात तो रचला. ‘क्ल्यूडो’ हा पटावरचा खेळही तिथंच पहिल्यांदा बघितला. तो अँथनी प्रॅट या बर्मिंगहॅमच्या वादकाचा. युद्धाआधी हॉटेलांत वाजवायला जाताना त्यानं पाहुण्यांचे खोट्या खुनाचे खेळ बघितले होते. युद्धात दिवे विझवून बसण्याच्या काळात ते घरात बसून खेळता यावेत म्हणून त्यानं पट आखला. बाजारात तो १९४९ साली आला. मला हे खेळ फार आवडले. पण दोन्हींत रात्र हवी, मिटलेले डोळे किंवा बंद बंगला हवा. काळोख आणि बर्फ असलेल्या मुलखात रहस्य असंच सुचणार. आमच्याकडची थंडी उन्हातली. सकाळी शाल लागते आणि अकराला ती खांद्यावरून उतरते. हुरड्याच्या गोलात सगळं लख्ख दिसत असतं आणि तरी चोर सापडत नाही, कारण लपायला जागा असते ती फक्त माणसाच्या चेहऱ्यामागं. मला ही जास्त अवघड आणि जास्त आनंदाची गोष्ट वाटते.

लग्नानंतर सासरच्या शेतात, मंगळवेढ्याच्या बाजूला, हुरडा करायचं माझ्याकडे आलं. माणसं वाढली होती, मुलं वेगवेगळ्या शहरांतून येत होती आणि जो तो आपापल्या फोनमध्ये. नुसत्या चार चिठ्ठ्या पुरणार नव्हत्या. मग मी गावातलीच गोष्ट घेतली. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही धान्याची कोठारं लोकांना उघडून दिली, बिदरहून त्यांना धरून न्यायला माणसं आली, आणि ते पोचण्याआधीच कुणी अनोळखी माणूस दरबारात जाऊन धान्याचे पैसे भरून गेला. तो विठोबा होता, असं कथा सांगते. पैशांची पावती पंतांच्या पोथीत सापडते. लहानपणापासून ऐकलेल्या या कथेत रहस्यकथेचं सगळं सामान आहे, हे मला त्या वर्षी पहिल्यांदा जाणवलं. मी कोठाराची किल्ली हरवली. दामाजी, कारकून, कोठीवाला, बिदरचा शिपाई, भुकेली म्हातारी, व्यापारी, अशा भूमिका चिठ्ठ्यांवर लिहिल्या, प्रत्येकीला एक गुपित दिलं. ज्याला चोराची खूण येईल त्यानं पहिली खेप चोळली जाईपर्यंत किल्ली रानात लपवायची. मग दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या मध्ये सगळ्यांनी एकमेकांना प्रश्न विचारायचे.

यजमान म्हणून एक गोष्ट मी जाणूनबुजून केली. चिठ्ठ्या उडवल्या नाहीत, हातात दिल्या, आणि चोराची चिठ्ठी माझ्या धाकट्या जाऊबाईंना दिली. त्या चारचौघांत बोलत नसत. कार्यात स्वयंपाकघर धरून राहायच्या, कुणी विचारलं तर "बरं आहे" म्हणायच्या. पुढचा तासभर सगळ्या नजरा पाळीपाळीनं त्यांच्यावर येणार होत्या आणि त्यांना उत्तरं द्यावी लागणार होती. मला धाकधूक होती. पण त्या भुकेल्या म्हाताऱ्या झाल्या आणि अशा काही बोलायला लागल्या की त्यांचा नवरासुद्धा बघत राहिला. चार दिवस उपाशी असल्याचं सांगताना त्यांचा आवाज भरून आला. कुणीही त्यांच्यावर संशय घेतला नाही.

चोर शेवटी पकडला तो आमच्या शेतातल्या तात्यांनी. ते खेळात नव्हते. आगटीपाशी बसून कणसं भाजत होते. मुलांनी व्यापाऱ्याला जवळजवळ दोषी ठरवलं तेव्हा ते खाली बघतच म्हणाले, "वैनी, हात बघा की सगळ्यांचे."

सगळ्यांनी हात पुढं केले. हुरडा चोळलेल्या तळव्याला राख लागते, तिच्यावर हिरवट चीक बसतो आणि रेषारेषांत भुसकट अडकतं. चुलीच्या काजळीपेक्षा तो रंग वेगळा, आणि नुसता हात झटकून जात नाही. पहिली खेप मोठ्यांनी सगळ्यांनी मिळून चोळली होती. जाऊबाईंचे तळवे स्वच्छ होते, आणि बोटांच्या टोकांना तेवढी काळी ओली माती. त्या वेळी त्या उसाच्या सरीत किल्ली पुरत होत्या. हात पुढं करताना त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की पोरं दचकली. तसं हसताना मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं. आता घरात कुठलंही कार्य ठरलं की खेळ काय ठेवायचा, हे त्याच आधी विचारतात.

हल्ली सोलापूर-पुणे रस्त्यावर हुरड्याच्या पाट्या लागतात. माणशी दर, आत झोपाळे, उंटाची सवारी, मोठ्या आवाजातली गाणी. शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळतात, ते मिळायलाच हवेत. ज्वारीला भाव नसताना तर नक्कीच. गाण्यांचा आवाज मात्र मला खुपतो. त्यात शेजारच्या माणसाला काही विचारता येत नाही. हुरड्याच्या खेपेची वाट बघताना जो वेळ फुकट मिळतो, तो तिथं भरून टाकलेला असतो. माझी विनंती एवढीच की पाहुण्यांना बोलवणाऱ्यानं तासभर ती गाणी बंद करून मागावीत आणि खिशात चिठ्ठ्या घेऊन जावं.

किल्लीच्या खेळानंतरच्या वर्षी तात्या म्हणाले, यंदाचं कोडं मी घालतो. त्यांनी कागद मागितला नाही. पाखरं राखायच्या माळ्यावरची गोफण नाहीशी झाली होती. त्यांचा मुलगा, पुतण्या आणि जावई सकाळपासून शेताच्या तीन बाजूंना राखणीला होते आणि तिघंही शपथेवर सांगत होते की आम्ही जागा सोडली नाही. प्रश्न विचारायला कुणालाही मुभा होती. मोठ्यांनी तिघांना उलटसुलट विचारून घेतलं. तिघं पक्के निघाले. पुण्याहून आलेली माझी भाची, इयत्ता सातवीतली, मधूनच उठली आणि बांधाबांधानं चालत गेली. आम्हाला वाटलं कंटाळली. परत आली ती थेट जावयापुढं उभी राहिली.

"मामा, तुमच्या बाजूची कणसं पाखरांनी खाल्लीत. बाकीच्या दोन बाजूंची नाही."

पूर्वेच्या बांधालगतची कणसं खरोखरच टोकाकडून टोचलेली होती आणि खाली पानांवर ताजी टरफलं पडली होती. जावयानं कडब्याच्या गंजीतून गोफण काढून तिच्या हातात दिली. तात्यांनी तिला आगटीशेजारी बसवून घेतलं आणि त्या खेपेचा सगळा हुरडा तिच्या पुढ्यात ओतला.